एका 'टेक'ची अनेक अरबी क्रियापदं

औषधाच्या एका माहितीपत्रकाचा इंग्रजीतून केलेला अरबी अनुवाद परवा माझ्याकडे तपासायला आला. प्रत्येक 'टेक'साठी एकच क्रियापद: 'अखझ', म्हणजे घेणं.

बोलण्यात ते चालून जातं. पण छापील अरबीत गोळी घ्यायची तर 'तनावल', बसने जायचं तर 'रकिब', फोटो काढायचा तर 'इल्तकत'.

मला सगळ्यात आवडतं ते वेळ लागण्याचं क्रियापद: 'इस्तग्रक'. त्याच्या मुळाशी आहे बुडणं. आपण 'विचारात गर्क' म्हणतो ना, तो गर्क याच मुळातला, फारसीमार्गे मराठीत आलेला. काम तेवढा वेळ स्वतःत बुडवून घेतं, किती नेमकी कल्पना!

अरबीत बहुतेक क्रियापदं तीन व्यंजनांच्या मुळावर उभी असतात. मूळ ठरावीक साच्यात घातलं की अर्थ वळतो. 'इस्तग्रक'मधला 'इस्त-' हा दहावा साचा.

एका 'टेक'ला इतकी क्रियापदं, म्हणून अनुवाद करताना मी आधी कर्म पाहते: गोळी, बस की तास? मग कोश. हान्स वेर यांचा अरबी कोश मुळांनुसार लावलेला आहे, त्यामुळे अख्खं कुटुंब एकत्र भेटतं.

पुढच्या वेळी 'रन' घेऊ की 'गेट'? अरबीबद्दल काहीही विचारा, नक्की उत्तर देईन.