इफ्तारची चटणी, रजबची पेरणी

रमजानमध्ये आमच्या घरी असरनंतर एक ठरलेला प्रसंग घडतो. खजूर ताटात मांडून झालेले असतात, कढईत भजी असतात, सरबत ढवळून तयार असते आणि मगरिबला पंधरा मिनिटे उरलेली असताना कुणाला तरी आठवते की चटणीला कोथमीरच नाही. मग धाकट्या पोराला खाली पिटाळायचे, त्याने अर्धी पिवळी पडलेली जुडी आणायची आणि तिची किंमत ऐकून आम्ही दोघी जावांनी एकमेकींकडे पाहायचे. हीच जुडी कधी दहा रुपयांना मिळते, कधी चाळीसला. निवडून झाल्यावर तिच्यातले निम्मे कचऱ्यात जाते ते वेगळेच.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की कोथिंबीर घरीच लावायची. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एक गॅलरी आणि वर सामाईक गच्ची, एवढीच आमची शेती. त्या वर्षी रमजान मार्चच्या शेवटी सुरू झाला होता. पहिल्याच आठवड्यात आम्ही डब्यातले मूठभर धणे एका कुंडीत विखुरले, वर माती टाकली, तांब्याने पाणी ओतले आणि वाट पाहत बसलो. पंधरा दिवसांनी कुंडीच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने पाच-सात कोंब आले, बाकी कुंडी रिकामी. तेवढेही लेकरांनी गवत समजून उपटायला घेतले. जे वाचले ते वीतभर होण्याआधीच काडीसारखे उंच गेले आणि त्यांना फुले आली. ईदच्या बिर्याणीवर घालायला चार पाने मिळाली, ती आम्ही मोजून घातली.

सोलापूरच्या उन्हात कोथिंबीर होत नाही, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळ्या झालो. तेव्हा अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, अजून गावीच राहत होत्या. बार्शीकडच्या मळ्यात त्यांनी आयुष्यभर वाफे लावले. अब्बांच्या इंतकालनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि गॅलरीतली ती रिकामी कुंडी पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धणे रगडले होते का?"

आम्हाला तो शब्दच नवा होता. धणा म्हणजे एक बी नव्हे. ते एक छोटे फळ असते आणि त्यात दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. वरचे कवच टणक, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. म्हणून पेरण्याआधी धणे रगडून त्यांचे दोन भाग करायचे. शेतकरी जमिनीवर पसरून चपलेने रगडतात. अम्मींनी घरात पोळपाटावर घेऊन वर लाटणे हलक्या हाताने फिरवले. जोर लावला तर आतला दाणा चुरडतो आणि मग तो उगवत नाही. धणा दुभंगला की पुरे. त्यानंतर रात्रभर पाण्यात आणि पुढे एक दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे.

दुसरी गोष्ट, धणे कोणते. किराणा दुकानातले धणे उगवतात, पण ते मसाल्यासाठी पिकवलेले असतात. राजस्थानातल्या रामगंज मंडी आणि मध्य प्रदेशातल्या गुणा भागातून असा माल देशभर जातो. तिथल्या शेतकऱ्याला दाणा हवा असतो, पान नव्हे. शिवाय डब्यातले धणे किती जुने, हे आपल्याला कुठे माहीत असते? भाजलेले असतील तर प्रश्नच मिटला. पानांसाठी वेगळे वाण मिळतात, पंतनगरच्या कृषी विद्यापीठाचे ‘पंत हरितिमा’ त्यातलेच एक. बियाण्याच्या दुकानात ‘पानाची कोथिंबीर’ म्हणून मागितले तरी चालते. मात्र तिथले बी पुष्कळदा औषध लावून गुलाबी किंवा निळ्या रंगाचे केलेले असते. ते स्वयंपाकघरात आणूच नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि पोळपाट-लाटणे तर त्याला मुळीच लावू नका. आम्ही ते हातमोजा घालून तसेच पेरतो.

कुंडीबद्दलही आमचा गैरसमज होता. एवढेसे नाजूक रोप, त्याला खोल माती कशाला? पण कोथिंबीर ही गाजर, बडीशेप, जिरे, शेपू यांच्या घराण्यातली. तिचे मुख्य मूळ सरळ खाली जाते. आठ ते दहा इंच खोली हवी, आणि एका जागी उगवलेले रोप उपटून दुसरीकडे लावू नये; मूळ दुखावले की ते बसत नाही किंवा लगेच फुलावर येते. आम्ही तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापून आणि धुण्याचे दोन फुटके टब घेऊन काम भागवले. तळाला भोके, दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू, म्हणजे पाणी साचत नाही. दोन-दोन इंचांवर बोटाने रेघा ओढायच्या, अर्धा इंच खोल धणे टाकायचे, माती सारायची.

पाण्याच्या बाबतीत मात्र अम्मी चुकल्या, आणि हे त्या स्वतःच हसून सांगतात. मळ्यात पाटाचे पाणी सोडायची सवय, म्हणून त्यांनी टबात तांब्यातांब्याने पाणी ओतले. सगळे बी वाहून एका कडेला जमा झाले, आमच्या पहिल्या कुंडीसारखेच. तेव्हापासून आम्ही झारी वापरतो, नाहीतर बाटलीच्या झाकणाला सुईने भोके पाडतो. पाणीही वेगळे लागत नाही. तांदूळ-डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठते, तेवढे पुरते. उगवेपर्यंत टबावर ओले पोते अंथरायचे, कारण गच्चीवरच्या कबुतरांना भिजलेला धणा फार आवडतो. थंडीत आठ-दहा, कधी बारा दिवस लागतात. कोंब दिसले की पोते त्याच दिवशी काढायचे.

आता ते गवताचे. कोथिंबिरीची पहिली दोन पाने कोथिंबिरीसारखी नसतातच. लांबट, अरुंद, कडा साध्या. कातरलेले पान त्यानंतर येते. आमच्या मुलांचा दोष नव्हता.

पण आमचे खरे नुकसान महिन्याने केले होते. कोथिंबीर थंडीची. ऊन तापले आणि दिवस मोठा झाला की तिला पाने वाढवण्यात रस राहत नाही, ती बी धरायच्या मागे लागते. रमजान सुरू झाल्यावर मार्चअखेरीस पेरायचे आणि ईदला भरघोस पाने मागायची, हे दोन्ही बाजूंनी चुकीचे होते. पेरणीपासून पहिल्या कापणीपर्यंत साधारण चाळीस दिवस लागतात. मग आम्ही तिघींनी बसून उलटा हिशेब केला आणि तो चांद्र महिन्यांत इतका नीट बसला की आता तोच आमच्या घरचा कायदा आहे. रजबच्या विसाव्या तारखेला पहिला टब पेरला, की तो पहिल्या रोजाला कापायला येतो. शबे-बरातच्या दहा दिवस आधी दुसरा पेरायचा, तो पंधराव्या रोजाच्या सुमारास. शबे-बरातनंतर पाच-सहा दिवसांनी तिसरा, तो ईदसाठी. दोन-चार दिवस इकडे-तिकडे होतात, पण चटणी अडत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हेही आता आमच्या पथ्यावर पडले आहे. तो फेब्रुवारीत आला आहे, मग जानेवारीत येईल. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा एकदा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे इफ्तारची चटणी आणि कोथिंबिरीचा हंगाम हातात हात घालून चालणार. आमच्या सासूबाईंच्या पिढीने जूनचेही रोजे पाहिलेत. तेव्हा त्या चटणीत पुदिनाच जास्त घालत, कारण उन्हाळ्यात तोच जगतो. आम्हीही एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीचा नाद सोडतो आणि त्या टबात पुदिन्याच्या काड्या खोचतो. पावसाळ्यात लावायचीच असेल तर टब वळचणीखाली ठेवावा. मुसळधार सरींनी रोप झोपते आणि मूळ सडते. बाजारातली जुडी पावसात महागते त्याचे एक कारण हेच.

कापणीत आमचा हात बरेच दिवस आखडत होता. एवढ्या कष्टाने आलेली, अजून थोडी वाढू दे, बाजारच्या जुडीएवढी होऊ दे, असे करत आम्ही थांबत गेलो आणि दुसऱ्या वर्षीचा एक अख्खा टब फुलावर घालवला. अम्मी रोज म्हणायच्या, "अगं, काप. न कापलेली कोथमीर आपली नसते." रोप पाच-सहा इंचांचे झाले की कात्री लावायची. सकाळी, ऊन चढण्याआधी. दाट उगवले असेल तर आधी मधली काही रोपे मुळासकट उपटायची, ती पहिली कापणी. उरलेल्यांची बाहेरची मोठी पाने देठासह बुडाशी कापायची आणि मधला कोवळा गाभा राखायचा. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नये. बारा-पंधरा दिवसांत पुन्हा भरते. तिसरी कापणी विरळ येते, चौथीची आशा धरू नये. त्यासाठीच पुढचा टब तयार असावा लागतो.

मधून शेपूसारखी बारीक, झिरमिरी पाने फुटू लागली की समजायचे, रोप निघाले फुलाकडे. छाटून काही उपयोग होत नाही, ते परत फिरत नाही. त्या दिवशी जेवढी चांगली पाने आहेत तेवढी काढून घ्यायची आणि दोन-चार रोपे तशीच राहू द्यायची. पांढरी फुले येतात, मधमाश्या येतात, मग हिरवे धणे धरतात. हे हिरवे धणे ठेचून दह्यात किंवा खिम्यात घालून पाहा. पान आणि मसाला यांच्या मधली ती चव बाजारात मिळत नाही. बाकीचे तपकिरी झाले की झुपके कापून कागदी पिशवीत उलटे टांगायचे. तेच पुढच्या रजबचे बी.

मावा पडतो, विशेषतः फुलावर आल्यावर. आम्ही पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतो आणि फारच झाले तर रोप उपटून टाकतो. जी पाने आपण कच्ची खाणार, त्यांवर काही मारायला मन धजत नाही.

हिशेब खरा सांगायचा तर आमच्या सात माणसांच्या घराला हे तीन टब पुरत नाहीत. हिरव्या मसाल्याचे चिकन करायचे असेल, कुणाची दावत असेल, तर जुडी बाजारातूनच येते. एका टबातून एका कापणीला मोठ्या दोन मुठी निघतात. पण इफ्तारची चटणी, हलीमवरची चिमूट, दालच्यावरची पाने एवढे घरचे होते, आणि पोराला मगरिबच्या तोंडावर जिने उतरावे लागत नाहीत. देठ आम्ही टाकत नाही. पानापेक्षा देठाला वास जास्त, तो यखनीत जातो. एखाद्या दिवशी जास्त कापले गेले तर न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे, आठवडाभर राहते. धुतलेली दोन दिवसांत चिकट होते.

यंदाच्या ईदच्या सकाळी तिसरा टब अम्मींनी स्वतः कापला. बिर्याणीपुरते ठेवून उरलेल्याच्या तीन छोट्या जुड्या दोऱ्याने बांधल्या आणि शिरखुर्म्याच्या वाट्यांबरोबर मजल्यावरच्या तिन्ही घरी पाठवल्या. समोरच्या काकू संध्याकाळी रिकामी वाटी परत द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी अम्मींना विचारले की धणे रगडायचे म्हणजे नेमके काय करायचे. अम्मींनी पोळपाट मागवला.