सोमदेवचा खांदा आणि आमचं दशक

रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ला टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. वयाच्या ४३व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला आलेला आमच्या बंगळूरचा खेळाडू. झिजलेले गुडघे त्याने अय्यंगार योगाने कसे सावरले, हे पुन्हा छापून आलं. खांद्याचा विषय फारसा कुणी काढला नाही. २०१९च्या नोव्हेंबरात पाकिस्तानविरुद्धच्या डेव्हिस कप लढतीतून त्याने माघार घेतली, ती खांद्यामुळेच.

नव्वदच्या दशकातल्या खांद्याच्या उपचारांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. बर्फ, मलम, पेनकिलर, आणि अगदीच हात वर होईना तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. आमचे एक कोच म्हणायचे, ‘सर्व्हिस करत राहा, खांदा आपोआप मोकळा होईल.’ त्या सल्ल्यापायी माझ्या बरोबरीच्या दोन गुणी मुलांचा खेळ सुटला. तो राग अजून गेलेला नाही.

डोळे उघडले ते २००५नंतरच्या दहा वर्षांत. ऑक्टोबर २००८मध्ये शारापोव्हाच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सर्व्हिससाठी तिला किती झगडावं लागलं, ते सगळ्यांनी पाहिलं. सर्व्हिसमधली निम्म्याहून अधिक ताकद पाय, कंबर आणि धडातून येते. गुडघे वाकले नाहीत तर तो सगळा भार खांद्यावर पडतो, हे तेव्हा इथले फिजिओ समजावून सांगू लागले. दुखऱ्या जागेला हात लावण्याआधी ते पाठीमागे उभे राहून खांद्याचं पातं कसं हलतं ते बघायचे. मग कोपर आणि बरगड्यांच्या मधे गुंडाळलेला टॉवेल, दाराच्या कडीला बांधलेला रबर बँड, आणि हात सावकाश बाहेर फिरवायचा. कंटाळवाणं काम, महिनोन् महिने करायचं. पण त्यानेच खांदे वाचले.

त्या दशकाचा माणूस माझ्या लेखी सोमदेव देववर्मन. जुलै २०११मध्ये तो जगात ६२वा होता. २०१२चं बहुतेक वर्ष खांद्याने खाल्लं. २०१३च्या जानेवारीत टेनिस संघटनेविरुद्ध खेळाडूंनी बंड केलं, त्याच्या अग्रभागी तो होता. त्यांच्या मागण्यांत फिजिओचाही मुद्दा होता. संघटनेने त्याला हट्ट म्हटलं. डेव्हिस कपमध्ये दुय्यम संघ उतरवून आपण कोरियाकडून १-४ने हरलो. हट्ट कसला? खांदा गमावता गमावता वाचलेला माणूस फिजिओ मागणार नाही तर काय मागणार?

सप्टेंबर २०१४, कब्बन पार्कचं स्टेडियम, डेव्हिस कपमध्ये समोर सर्बिया. रविवारी लायोविचविरुद्ध सोमदेवचा पहिला सेट १-६ असा गेला. तो पाच सेट पळला आणि जिंकला, लढत २-२. सोमवारी युकी भांबरी हरला, लढत गेली. पण पाचव्या सेटमध्ये तोच खांदा सर्व्हिस टाकत होता, ते पाहताना मी ओरडून घसा बसवून घेतला होता.

आता बंगळूरमध्ये फिजिओंना तोटा नाही. दुखलं की आधी एमआरआय, रिपोर्टात ‘टिअर’ दिसला की आईबाबा हवालदिल. न दुखणाऱ्या खांद्यांतही असे टिअर सापडतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. रबर बँडला दोन आठवड्यांपलीकडे कुणाला वेळ नाही. ट्रॅफिकमधून उशिरा पोचलेलं बारा वर्षांचं पोर वॉर्म-अप न करताच सर्व्हिसच्या टोपल्या रिकाम्या करू लागतं. क्रिकेटमध्ये त्या वयाच्या वेगवान गोलंदाजाची षटकं मोजतात. टेनिसच्या पोरांच्या सर्व्हिस कोण मोजतंय? अकादम्यांनी हे उद्यापासून सुरू करावं, त्याला ना यंत्र लागतं ना पैसा.