विम्याने न मोजलेलं अंगण

भारत गृह रक्षा या प्रमाणित घरविम्याला यंदाच्या १ एप्रिलला पाच वर्षं झाली. त्याच सुमारास आमच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाचा कागद आला. हप्ता, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाला, तेव्हा राहत्या घराचाही विचार होईल अशी आशा होती. झाला नाही. कराचं एक वेळ सोसता येईल. मला सलतंय ते त्याहून जुनं आहे. हडपसरमध्ये घर म्हणजे काय असतं, हे विमा कंपन्यांना कधी कळलंच नाही. थोडंफार कळू लागलं, तोवर आमची अंगणं संपत आली होती.

सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण १९७३ च्या सुरुवातीचं. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार सरकारी कंपन्या, ठरलेले दर, कार्बन लावून भरलेले अर्ज. गृहस्थांसाठी एक पॉलिसी असे. आग, घरफोडी, दागिने, टीव्ही, काचा असे तिचे भाग. त्यात सायकलला मात्र स्वतंत्र भाग होता. उघड्यावर राहणारी तेवढी एकच वस्तू विम्याच्या नजरेत भरली होती. इकडच्या शेतकऱ्यांकडे जनावरांचा आणि शेतीपंपाचा विमा असायचा. घराचा विमा कर्जाच्या निमित्ताने बँक काढायला लावी, आणि कर्ज फिटलं की तो विसरला जाई.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ते २००० ते २०१० चं दशक. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर हडपसरने पुण्याला वर्षानुवर्षं भाजी पुरवली. माळ्यांचं गाव ते. इथे बंगला बांधणारा नोकरदारही आधी हौद बांधी, मग संडास-बाथरूमच्या फरशीचं बघे. आमचा प्लॉट लहानच होता, तरी मागे अळूचा वाफा, कढीपत्ता, दोन नारळ, कुंपणाला गोकर्ण, पुढे पारिजातक आणि लोखंडी झोपाळा. कलमं सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमधून यायची. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून आलं की आई चार कुंड्या वाढवी. त्याच वर्षांत सतीश मगर यांच्या पुढाकाराने मगर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी करायला घेतली. जमीन विकून मोकळं न होता भागीदार राहिलेल्या त्या शेतकऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो. आजूबाजूच्या मळ्यांत मात्र सरसकट पाये खणले जात होते. तिथली काळी माती ट्रॉलीने विकत मिळे. आमच्या वाफ्यांत तीच माती होती.

गाव वाढलं तशी चोरी वाढली. एका रात्री फाटकावरून उड्या मारून कोणी हौदावरची मोटार, पितळी नळ आणि पाण्याचा पाइप नेला. आमच्याकडे घरफोडीचा भाग असलेली पॉलिसी होती. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने हौदाभोवती एक फेरी मारली आणि आईला विचारलं, ‘‘मावशी, कुलूप कुठलं तोडलंय?’’

‘‘हौदाला कोण कुलूप लावतं?’’ आई म्हणाली.

त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं, चहा घेतला नाही. काही दिवसांनी दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं. घरात बळजबरीने शिरल्याची खूण नाही, म्हणून भरपाई नाही. पॉलिसीच्या अटीत ते बसतही असेल. पण अट लिहिणाऱ्याने अंगण पाहिलेलं नव्हतं, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे. मोटारीशिवाय आमच्या घरात प्यायला पाणी चढत नव्हतं. ती घराचा भाग नव्हती तर काय होती?

त्यापेक्षा शेजारच्या काकांचं नुकसान मोठं. त्यांच्या परसात चंदन होतं, पक्ष्यांच्या विष्ठेतून आपोआप उगवलेलं, काकांनी वीस-बावीस वर्षं जपलेलं. पुण्यात बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारांतून चंदनाची चोरी नवी नाही. आधी खोडाला बारीक भोक पाडून गाभा धरलाय का ते बघून गेले, आठवड्याने रात्री करवत लावली. सकाळी गुडघाभर बुंधा, ओला भुसा आणि फेकून दिलेल्या फांद्या. पोलिसांनी पंचनामा केला, चोरीचा गुन्हा नोंदवला. विम्याच्या दृष्टीने ते झाड इमारतही नव्हतं आणि घरातली वस्तूही नव्हती. काका निवृत्त शिक्षक. त्यांच्या आयुष्यात त्या झाडाएवढी मोलाची दुसरी चीज नव्हती.

आणि हेच झाड त्यांना स्वतःला तोडायचं असतं तर? १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातसुद्धा. तो कायदा हवाच. पण पालिका वृक्षगणनेत माझं झाड मोजते, कायदा ते राखण्याची जबाबदारी माझ्यावर टाकतो, आणि ते गेलं तर त्याची किंमत शून्य! ही विसंगती इतक्या वर्षांत कोणालाच का खुपली नाही?

त्या दशकातला आणखी एक राग सांगायचा राहिला. आगविम्याचे बांधलेले दर २००७ मध्ये सुटले, स्पर्धा आली, आणि हप्ता कमी दाखवण्यासाठी वादळ-पुराचा भाग काढून टाकायची चाल काही एजंटांच्या चांगलीच अंगवळणी पडली. ‘‘हडपसरला कुठला पूर?’’ म्हणून सह्या घेतल्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाच्या वाऱ्याने पुण्यात झाडं उन्मळली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोघांना आपल्या कागदात वादळच नसल्याचं कळलं.

भारत गृह रक्षाने ती चूक दुरुस्त केली, याचं श्रेय विमा नियामकाला दिलंच पाहिजे. वादळ, पूर, भूकंप काढून टाकता येत नाहीत. विमा कमी रकमेचा काढला म्हणून दाव्याला कात्री लावत नाहीत. मुख्य म्हणजे कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गच्चीवरची सौर पॅनेलं हे सारं इमारतीत धरलं जातं. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं. इतकं स्पष्ट आम्हाला आधी कोणी लिहून दिलं नव्हतं.

पण नुसत्या चोरीला मूळ पॉलिसीत जागा नाही. आग, वादळ अशी विम्यातली घटना घडली आणि तिच्यामुळेच सात दिवसांत चोरी झाली, तरच भरपाई. म्हणजे आईची मोटार आजही गेलीच. आंबा भिंतीवर कोसळला तर भिंतीचे पैसे मिळतील. राडारोडा हलवायचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत. मोठं झाड कापून न्यायला काय लागतं ते हडपसरच्या कुठल्याही लाकूडतोड्याला विचारावं. आंब्याचे स्वतःचे पैसे नाहीत. तो मोकळ्या जागेत पडला तर काहीच नाही.

आता आमच्या ओळीतले बहुतेक बंगले पुनर्विकासाला गेले. काकांच्या जागी पार्किंग आहे. नव्या इमारतींना हिरवळ आहे, कंत्राटी माळी आहे. त्या हिरवळीच्या कडेची भिंत सोसायटीच्या पॉलिसीत आहे, हिरवळ नाही.

ब्रिटनमधल्या घरविम्यात बागेतलं सामान आणि रोपं ठराविक मर्यादेपर्यंत धरण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे डाळिंबाला, द्राक्षाला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो, म्हणजे झाडाचं नुकसान पैशात मांडणं आपल्या कंपन्यांना अवघड नाही. भारत गृह रक्षाला जोडून वाढीव संरक्षण विकायची मुभाही त्यांना आहे. तेव्हा अंगणासाठी एक जोडभाग काढा. ५० हजारांची मर्यादा ठेवा, झाडामागे रक्कम ठरवा, वर्षातून एकदा फोटो मागा, चोरीला पोलिसांचा पंचनामा सक्तीचा करा. मोटार, झोपाळा, कुंड्या, सायकल त्यातच घ्या. हप्ता सांगा, आम्ही भरू. मांजरीकडे, साडेसतरा नळीत, फुरसुंगीत अजून अंगणं असलेली घरं आहेत.