लेकरांना घेऊन बालाजीला : धामणगाव ते तिरुपती, मोटारीच्या वाटेने

सोयाबीन घरात येऊन पडले, कापसाचे दोन वेचे झाले आणि तुरीला शेंगा धरू लागल्या, की वऱ्हाडातल्या घराघरांत एक विषय हटकून निघतो, तो देवाला जाण्याचा. कुणाला नातवाचे जावळ काढायचे असते, कुणी सुनेच्या बाळंतपणात नवस बोललेला असतो, तर कुणाच्या म्हाताऱ्या आईची बालाजीच्या दर्शनाची इच्छा कितीतरी वर्षांपासून राहून गेलेली असते.

धामणगावच्या नावातच रेल्वे आहे. एके काळी यवतमाळला जाणारा माणूस इथे उतरून पुढचे २९ मैल बैलगाडीने किंवा मोटारीने जात असे. आजही अमरावतीहून तिरुपतीला ठरावीक दिवशी थेट आगगाडी सुटते. ती स्वस्त पडते, आणि लेकरांना झोपायला बर्थही मिळतो. ज्यांना तिचे तिकीट मिळते त्यांनी तिनेच जावे. पण घरात आजी-आजोबा, दोन भावांचे संसार आणि तीन-चार लेकरे असली की सगळ्यांचे एकाच तारखेचे तिकीट जुळत नाही. मग घरची नाहीतर भाड्याची गाडी काढण्याचे ठरते. तीन राज्यांतून जाणारी ही वाट जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरांच्या वर भरते. मोठ्या माणसाला ती झेपते. दोन-चार वर्षांच्या लेकराला ती कशी झेपेल, याचा विचार मात्र गाडी दारात उभी राहण्याआधी व्हायला हवा.

निघायचे कधी?

आपल्याकडे पावसाळा सरला म्हणजे वाटा मोकळ्या झाल्या असे आपण समजतो. आंध्रच्या दक्षिण भागात तसे नसते. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीच्या पावसाचा काळ. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिरुपतीला असा पाऊस कोसळला की तिरुमला डोंगराच्या घाटवाटा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल, तर निघण्याआधी चार दिवस तिकडच्या हवामानाच्या बातम्या ऐकाव्यात.

उन्हाळ्याची सुट्टी त्याहून अवघड. मे महिन्यात आपल्याकडचे आणि तेलंगणातले ऊन सारखेच, आणि तापलेल्या रस्त्यावर टायर फुटण्याची भीती वेगळी. घरातली लेकरे अजून शाळेत जात नसतील, तर तूर काढून झाल्यावर, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत बरा. शेतातले मोठे काम हातावेगळे झालेले असते आणि हवाही थंड असते.

फक्त वैकुंठ एकादशी आणि संक्रांत हे दिवस टाळावेत. ८ जानेवारी २०२५ रोजी वैकुंठ एकादशीच्या दर्शनाचे टोकन घेण्यासाठी तिरुपतीत झालेल्या चेंगराचेंगरीत सहा भाविक गेले. अशा गर्दीत कडेवरचे लेकरू सांभाळणे कुणाच्याच हातात राहत नाही. देव वर्षभर तिथेच उभा आहे.

रात्रीचा प्रवास नको

घरात बेत ठरू लागला की कुणीतरी जाणता माणूस म्हणतोच, "रातच्यानं निंगू. पोट्टे झोपून रायतीन, सकायी हैदराबाद!" त्यांचे म्हणणे वरवर खरे वाटते. लेकरे झोपतात, ऊन लागत नाही, रस्ताही मोकळा असतो. पण लेकरांबरोबर गाडी चालवणाऱ्यालाही झोप येते, हे त्यात विसरले जाते.

१ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या विदर्भातून पुण्याकडे निघालेल्या एका खाजगी बसला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ अपघात झाला, बस पेटली आणि २५ जण दगावले. वेळ होती मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराची. मध्यरात्र ते पहाट या वेळी माणसाचे शरीर झोप मागतेच. चहाने किंवा गाण्याने ती थोडी लांबते, जात नाही. डोळा दोन सेकंद लागला, तरी शंभरच्या वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात पन्नासहून अधिक मीटर पुढे जाते.

मोटार वाहतुकीत काम करणाऱ्यांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्याने दिवसाला आठ तास हे कामाचे माप घालून दिले होते. हेच माप घरची गाडी चालवणाऱ्या मुलालाही लावावे. सकाळी उजाडल्यावर निघावे आणि दुपारी चार-पाचच्या आत मुक्कामाला पोचावे. घरात दुसरा कुणी लायसन असलेला असेल, तर आळीपाळीने चालवावे. भाड्याच्या गाडीचा चालक आदल्या रात्री दुसरीकडून भाडे मारून आलेला नाही ना, हे स्पष्ट विचारावे. त्यात भीड धरू नये.

टप्पे कसे पाडावेत?

धामणगावहून हैदराबाद सुमारे ४६० किलोमीटर, आणि तिथून तिरुपती आणखी साडेपाचशेच्या पुढे. लहान लेकरे असली की दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटर पुरेत.

पहिल्या दिवशी बाभुळगाव, यवतमाळ, पांढरकवडा असे करत पैनगंगा ओलांडावी आणि आदिलाबाद, निर्मलवरून बासरला मुक्काम करावा. गोदावरीकाठी इथे सरस्वतीचे देऊळ आहे. शाळेत घालण्याआधी लेकराच्या हातून देवीसमोर पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेण्याची इथली रीत मोठी प्रसिद्ध आहे. घरात तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर हा मुक्काम चुकवू नये.

दुसऱ्या दिवशी निजामाबादवरून हैदराबाद. तिसरा दिवस तिथेच विसाव्याचा ठेवावा. नेहरू प्राणिसंग्रहालय १९६३ साली सुरू झाले. ते सोमवारी बंद असते, आणि सालारजंग वस्तुसंग्रहालय शुक्रवारी. बाराच्या ठोक्याला तिथल्या मोठ्या घड्याळातून बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवतो, ते पाहायला लेकरांना आधी नेऊन बसवावे.

चौथ्या दिवशी सव्वादोनशे किलोमीटरांवर कर्नूल, आणि पाचव्या दिवशी नंद्याल, कडप्पामार्गे तिरुपती. श्रीशैलम करायचे असेल त्यांनी ध्यानात ठेवावे, की नल्लमलाच्या जंगलातून जाणारी वाट वन्य प्राण्यांसाठी रात्री बंद असते. तिथे दिवसाउजेडीच जावे.

अकरा-बारा दिवसांचा हा बेत. तेवढे दिवस गुरे, दूध, ओलिताची पाळी कोण पाहणार, हे ठरले नसेल तर पाचव्या दिवशी घरधन्याचे चित्त गोठ्यात आणि हात स्टिअरिंगवर असे होते.

गाडीत कोण कुठे बसेल?

सात जणांच्या गाडीत अकरा जण बसवण्याची आपली सवय लग्नाच्या वऱ्हाडापासून चालत आलेली आहे. लांबच्या वाटेला ती घातक आहे. गाडी पन्नासच्या वेगात आदळली, तर दहा किलोचे लेकरू दोन-तीनशे किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. आईने कितीही घट्ट धरले तरी मांडीवरचे मूल त्या जोरापुढे राहत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी सुधारणा झाली, तिच्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेले, तर एक हजार रुपये दंड आहे.

बाळासाठी वेगळे आसन मिळते. ते मागच्या बाकावर पट्ट्याने बांधावे. अगदी तान्हे असेल तर त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावे. हे आसन एका घराने घेतले तर भावकीत, शेजारात पाच वर्षे फिरते. पुढच्या बाकावर लेकराला मांडीवर घेऊन कधीही बसू नये, कारण समोरची हवेची पिशवी फुगली की तिचा तडाखा त्यालाच बसतो. बाळाला पाजायचे असेल तेव्हा गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि मगच त्याला आसनातून काढावे.

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची, परराज्याचा परवाना असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि काही घडले, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. निघण्याआधी चारही चाके, स्टेपनी, हवा आणि ब्रेक पाहून घ्यावेत. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत लेकराला पाच मिनिटेही एकटे सोडू नये.

शिदोरी आणि औषधे

पहिल्या दिवसासाठी दशम्या, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे, गुळाची चिक्की आणि केळी बरोबर असावीत. त्यापुढे इडली आणि दहीभात हे तिकडे कुठेही मिळते व लेकरांना सोसते. आंध्रचे जेवण मात्र आपल्या वऱ्हाडी रश्श्यालाही मागे टाकील असे तिखट असते. म्हणून चार शब्द पाठ असावेत: पाणी म्हणजे 'नीळ्ळु', दूध 'पालु', दही 'पेरुगु', आणि तिखट नको म्हणजे 'कारम वद्दु'. दवाखान्याला 'आसुपत्रि' म्हणतात.

गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी भरपेट जेवू घालू नये आणि उपाशीही ठेवू नये. त्याला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, हातात मोबाईल देऊ नये, आणि दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करू द्यावेत. उलटीची गोळी डॉक्टरांनी त्या मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितली असेल तरच द्यावी.

जुलाब लागले तर क्षारसंजीवनीची पुडी हाताशी हवी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, तर यात्रा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तिन्ही राज्यांत आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो. रस्त्याच्या अपघातातील जखमीला ठरावीक रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनापैशाचे उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. हे घरातल्या बायामाणसांनाही ठाऊक असावे.

वाट हीच शाळा

गाडीत बसून लेकरे कंटाळतात ती बाहेर काय पाहायचे ते कुणी सांगत नाही म्हणून. आजी-आजोबांचा उपयोग इथे होतो. नद्या मोजायला लावाव्यात: बेंबळा, पैनगंगा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, पेन्ना. बेंबळेचे पाणी वर्धेला मिळते, वर्धेचे प्राणहितेतून गोदावरीला, म्हणजे आपल्या वावरातून वाहून गेलेले पाणी शेवटी याच गोदावरीत येते, हे ऐकून मूल पुलावर खिडकीला नाक लावून बसते.

आदिलाबादेत आपल्यासारखाच कापूस, आणि मराठी बोलणारी माणसेही भेटतात. पुढे निजामाबादकडे भात आणि हळद. निर्मलला पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी होतात. फळे, पक्षी, जनावरे हुबेहूब असतात. प्लास्टिकच्या बाहुलीपेक्षा असे एक खेळणे घ्यावे.

डोंगरावर

तीनशे रुपयांच्या दर्शनाची तिकिटे सुमारे तीन महिने आधी निघतात. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण वयाचा दाखला जवळ असावा. अलिपिरीच्या नाक्यावर गाडी तपासतात. तंबाखू, विडी, दारू वर नेता येत नाही. पायी चढण्याचा नवस असेल तर तो मोठ्यांनी फेडावा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या पायवाटेवर बिबट्याने सहा वर्षांच्या एका मुलीचा जीव घेतला, आणि त्यानंतर देवस्थानाने लहान मुलांना दुपारनंतर त्या वाटेने सोडण्यावर बंधने घातली.

रांगेत प्रत्येक लेकराच्या खिशात बापाचे नाव, गाव आणि मोबाईल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, इंग्रजी आकड्यांत. कपडे गडद रंगाचे, ओळखू येणारे असावेत. जावळ काढताना वस्तऱ्याचे पाते आपल्यासमोर नवे लावून घ्यावे.

परतीच्या वाटेवर सगळ्यांना घर दिसू लागते. मोठ्यांना वेच्याची, गुरांची आठवण येते, आणि "आता एका दमात घरी" असे सगळेच म्हणू लागतात. हाच क्षण सांभाळायचा. जाताना जेवढे मुक्काम केले तेवढेच येताना करावेत. एक रात्र उशिरा पोचलात तर कापूस वाट पाहील. तिरुपतीहून आणलेला लाडू शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला सगळी लेकरे धावत गेली, की यात्रा पुरी झाली असे समजावे.