मुलांची पोटगी : हक्क आणि वाट

मागच्या वर्षी डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर तालुक्याजवळच्या एका खेड्यात भरले होते. दिवसभराचे श्रमदान आटोपले की सायंकाळी मारुतीच्या देवळासमोर व्याख्यान होई. त्या दिवशी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ ‘स्त्रिया आणि कायदा’ या विषयावर बोलले. व्याख्यान संपल्यावर ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असे सरांनी विचारले. नेहमीप्रमाणे सगळे गप्प. तेवढ्यात मागच्या रांगेतून, पदर सावरीत, एक बाई उभ्या राहिल्या.

“साहेब, माझी फारकत झाली तवा कागदावर लिवलं की बाईला पोटगी नको. म्या सही केली. तवा लेक तीन वर्सांची हुती. आता ती सातवीत हाय. बापानं एक पैसा दिला न्हाई. म्या सही केली म्हंजे आता काईच मागता येत न्हाई, हे खरं हाय का?”

वकीलसाहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाई, सही तुम्ही केलीत. तुमच्या लेकीने केलेली नाही.”

त्या एका वाक्याने माझ्या मनात घर केले. आमच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होते? मला तरी नव्हते. पुढे मी त्या वकीलसाहेबांना दोन-तीनदा भेटलो, ग्रंथालयात कायद्याची पुस्तके चाळली, आणि त्या बाईंबरोबर न्यायालयाच्या पायऱ्याही चढलो. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

घटस्फोटाने नवराबायकोचे नाते संपते. बाप आणि लेकरू यांचे नाते मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने संपत नाही. म्हणूनच बायकोची पोटगी आणि मुलांचा निर्वाहखर्च हे कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे हक्क आहेत. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. अशा घटस्फोटात पुष्कळदा बाई ‘एकदाचे सुटू द्या’ म्हणून स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडते. पण आईने सोडलेला हक्क हा आईचा. मुलाच्या वतीने तो सोडून देण्याचा अधिकार तिला नसतो. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आई पुन्हा न्यायालयात अर्ज करू शकते.

हा अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा? मार्ग एकाहून अधिक आहेत. सर्वांत जवळचा मार्ग फौजदारी प्रक्रियेचा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ हे पोटगीचे कलम म्हणून घरोघरी माहीत झाले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून तेच कलम आता १४४ या क्रमांकाने आले आहे. जुने लोक अजून ‘एकशेपंचवीसचा अर्ज’ असेच म्हणतात. या कलमाला धर्माची अट नाही. आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो, मूल औरस असो वा अनौरस, ज्याची ऐपत आहे अशा बापाने त्याला पोसलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ. मुसलमान घटस्फोटितेच्या मुलांनाही हा हक्क स्वतंत्रपणे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले.

दुसरा मार्ग दिवाणी. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या दाव्यातच मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी हुकूम मागता येतो. हुकूमनामा झाल्यानंतरही मागता येतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० हेही मुलांच्याच निर्वाहाचे आहे. आणि छळ झालेला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली आईला स्वतःसाठी व मुलांसाठी खर्च मागता येतो.

येथे आपल्या वयाच्या वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कलम १४४ खालचा हक्क सामान्यतः अठरा वर्षे पुरी होईपर्यंतच असतो. अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे स्वतःचे पोट भरता येत नसेल तर तो पुढेही चालतो. म्हणजे मुलगा ऐन महाविद्यालयात पाय ठेवतो त्याच सुमारास हे दार बंद होते! अविवाहित मुलीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती हिंदू असेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली सज्ञान झाल्यावरही ती बापाकडे खर्च मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसे सांगितले आहे. तेव्हा ‘आता मुलगी अठराची झाली, संपले सगळे’ असे कोणी म्हणाले तर मान डोलावू नये.

आता मुख्य अडचण. कायदा पुस्तकात आहे, पण वकिलाची फी कोण देणार? त्या बाईही हेच म्हणाल्या, “पैसे असते तर पोटगी कशाला मागितली असती?”

याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम घटनेत आले आणि गरिबीमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, ही राज्याची जबाबदारी ठरली. त्यानुसार १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज दिला की वकील नेमून मिळतो. त्याची फी प्राधिकरण देते. पक्षकाराने त्याला काही द्यायचे नसते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते. शिवाय महाराष्ट्र शासनाने १९९४ साली पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ केलेले आहे.

अर्ज कोठे करायचा? जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात, नसेल तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. त्यासाठी नवऱ्याच्या गावी हेलपाटे घालण्याची गरज नाही. बाई जेथे राहते तेथेच अर्ज करता येतो. बरोबर न्यावयाची कागदपत्रे अशी : मुलाचा जन्मदाखला, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत, आधार कार्ड, शाळेचा दाखला व फीच्या पावत्या, औषधपाण्याच्या चिठ्ठ्या, आणि बाप काय करतो, कोठे नोकरीला आहे, जमीन किती, घर कोणाचे, यांविषयी मिळेल ती माहिती. वकीलसाहेबांनी आणखी एक युक्ती सांगितली. एका वहीत महिन्याचा खर्च रोजच्या रोज लिहावा. किराणा, वह्या, एस. टी.चा पास, चपला, ताप आला तर डॉक्टर. ‘खूप खर्च होतो’ या तीन शब्दांपेक्षा अशा वहीची चार पाने न्यायालयात अधिक बोलतात.

बाप ‘माझे उत्पन्नच नाही’ असे म्हणतो, ही नेहमीची तक्रार. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत महत्त्वाचे निर्देश दिले. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून मंजूर करायचा. त्यामुळे तारखा लांबवून बापाचा फायदा होण्याचे कारण उरत नाही. निकाल लागेपर्यंत अंतरिम खर्च मागता येतो, आणि तो अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. पूर्वी या कलमाखाली दरमहा रकमेला कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आई कमावती असेल तर तिनेही आपल्या मिळकतीच्या प्रमाणात वाटा उचलावा लागतो. पण आई कमावते एवढ्यावरून बापाची सुटका होत नाही. मूल मोठे झाले, खर्च वाढला, तर रक्कम वाढवून मागता येते.

हुकूम झाला आणि बापाने पैसे दिलेच नाहीत तर? थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज करावा. न्यायालय वॉरंट काढू शकते, आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. तुरुंगात बसून आला म्हणून देणे फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगून ठेवले आहे. मात्र येथे एक खाचखळगा आहे. फौजदारी मार्गाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल आज ना उद्या’ म्हणून वर्ष घालवले तर तेवढ्या महिन्यांची वसुली या मार्गाने होत नाही.

हे सारे वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दिवशी टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता ‘उद्या या’ म्हटले. बाईंचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला होता. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला. वकील म्हणून नेमून मिळालेल्या बाई अगदी नवीन होत्या, पण त्यांनी खर्चाची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बाप दोन तारखांना आलाच नाही. तिसऱ्या तारखेला आला, तेव्हा आपल्या मुलीची इयत्ताही त्याला सांगता आली नाही. दिवाळीच्या आधी अंतरिम हुकूम झाला. रक्कम मोठी नाही. दोन महिने ती मिळाली, तिसऱ्या महिन्याची अजून आलेली नाही. परंतु या वेळी बाई वाट पाहत बसल्या नाहीत; वसुलीचा अर्ज त्यांनी स्वतःहून दिला.

परवा एस. टी. स्टँडवर त्या भेटल्या. मी विचारले, “काकू, कसं चाललंय?” म्हणाल्या, “तारखा चालू हायत. पर आता पोरगी विचारती, बाप देत न्हाई का? म्या सांगते, द्यावंच लागंल, तुझ्या हक्काचं हाय.”

आपल्या ओळखीत, शेजारात, कदाचित आपल्याच वर्गात अशी एखादी मुलगी असेल. फी भरण्याची मुदत जवळ आली की ती गप्प गप्प होते. तिची कीव करण्याने तिचे काही भले होणार नाही. तिच्या आईबरोबर एक दिवस विधी सेवा समितीच्या कार्यालयापर्यंत गेलो, अर्ज लिहून दिला, तर सुशिक्षित म्हणवून घेण्याचा आपल्याला थोडा तरी अधिकार येईल.