घराचे तारे आणि घराचा हिशेब

महाडपासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शिवथरच्या खोऱ्यात जुन्या घरांना उतरती कौलारू छपरे आणि पुढे सावलीची पडवी असे. आता त्यांच्या जागी सिमेंटच्या सपाट स्लॅबची घरे उभी राहत आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो. साहजिकच पंखे वाढतात, मग वातानुकूलन यंत्र येते आणि विजेचे बिल फुगते. अशा वेळी घराची ऊर्जा-प्रतवारी आणि त्यानुसार सुधारणा यांवर पैसा घालावा काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

ब्रिटनमध्ये घर विकताना वा भाड्याने देताना ‘ए’ ते ‘जी’ अशी प्रतवारी सांगणारे प्रमाणपत्र द्यावे लागते. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये उपकरणांवर तारे आणले. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ते सक्तीचे झाले. घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. मात्र ती ५०० चौरस मीटर वा अधिक भूखंडावरील निवासी प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. त्यामुळे गावच्या एकट्या घरासाठी प्रमाणपत्र मिळवण्यात फारसा लाभ नाही. त्यामागचे तत्त्व मात्र उपयोगी आहे. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे संहिता सांगते. कोकणात घर बंदिस्त करणे हा उपाय नव्हे. वारा खेळला नाही तर पावसाळ्यात ओल आणि बुरशीच हाती येते.

आता हिशेब पाहू. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. रोज १२ तास, वर्षात ३०० दिवस वापर असेल तर १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरल्यास ही बचत सुमारे १,३०० रुपये होते. किमतीतील फरक दीड हजार असेल तर तो चौदा महिन्यांत फिटतो. वापर रोज चारच तास असेल तर साडेतीन वर्षे लागतात. पावसात वीज गेल्यावर इन्व्हर्टरही अधिक वेळ साथ देतो, हा वेगळा लाभ.

येथेच खरी मेख आहे. व्यवसायानिमित्त कुटुंब मुंबई-पुण्यास राहते आणि गावचे घर वर्षातून महिनाभरच उघडते, तर महागडे पाच ताऱ्यांचे यंत्र घेऊन भांडवल अडकवणे व्यापारी दृष्टीने तोट्याचे. परंतु त्याच घरात वृद्ध आई-वडील बारमाही राहत असतील, तर हिशेब उलटतो. मार्च २०१७ मध्ये रायगडमधील भिरा येथे पारा ४६ अंशांपुढे गेला होता. अशा उन्हाळ्यात स्लॅबखालची खोली हा केवळ बिलाचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न ठरतो.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग किंवा वर हवेशीर छप्पर, पश्चिमेच्या खिडक्यांना सज्जा, नंतर रोज चालणारे पंखे, शेवटी वातानुकूलन यंत्र. पावसाने शेवाळ धरते, तेव्हा रंगाची डागडुजी उन्हाळ्यापूर्वी करावी. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. खरेदीच्या वेळी लेबलावरील कालावधी अवश्य वाचावा. तारे किती, यापेक्षा तास किती, हा प्रश्न आधी विचारावा.