फिटची गोळी दाढदुखीला कशी?

औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन रुग्णाचा मुलगा तडक दवाखान्यात परत येतो, असे माझ्याकडे वर्षातून दोन-चार वेळा तरी घडते. “डॉक्टरसाहेब, आईला जन्मात कधी फिट आली नाही, आणि दुकानदार म्हणतो ही फिटची गोळी!” रागाबरोबर त्याच्या मनात एक भीतीही असते. घरात मिरगी आहे अशी बोलवा झाली, तर बहिणीचे लग्न जमायचे कसे?

वाचकहो, ही गोळी म्हणजे कार्बामाझेपिन. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीत ती तयार झाली. १९६२ साली स्वीडनच्या डॉ. ब्लोम यांनी चेहऱ्याच्या कळांवर तिचा गुण येतो हे दाखवून दिले. तेव्हा तिला केवळ फिटची गोळी म्हणणे हे अर्धेच सत्य आहे.

या कळांच्या आजाराला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याच्या एकाच बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती काही सेकंद, फार तर दोन मिनिटे टिकते. दात घासताना, तोंड धुताना, घास चावताना, कधी नुसत्या वाऱ्याच्या झुळकेनेही ती उठते. रुग्ण जेवणे सोडतो. दाढ दुखते असे समजून बरेच जण एक-दोन चांगल्या दाढा काढून मगच माझ्याकडे येतात. कळ मात्र तशीच राहते.

एकच गोळी दोन आजारांवर कशी चालते? मज्जातंतूंतून निरोप जातात ते विजेच्या सूक्ष्म लहरींनी. फिटमध्ये मेंदूतील असंख्य पेशी एकदम अशा लहरी सोडू लागतात. चेहऱ्याच्या आजारात बहुधा एखादी रक्तवाहिनी मज्जातंतूच्या मुळाशी दाब देते आणि तो तंतू विनाकारण लहरी सोडतो. ही गोळी त्या अतिरेकाला आवर घालते. मात्र ती सर्वसाधारण वेदनाशामक नव्हे. कंबरदुखी, डोकेदुखीवर शेजाऱ्याची गोळी मागून खाऊ नये. मधुमेहात पायांची आग होते, त्यासाठी गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन देतात. गंमत म्हणजे तीही फिटवरची औषधे आहेत.

गोळी थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप येते, चक्कर येते, क्वचित एकाचे दोन दिसते. तेवढे दिवस मोटारसायकल चालवू नये. वृद्धांच्या रक्तातील सोडियम कमी होऊ शकते. विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तपासणी करून घ्यावी. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या औषधाने कमी होतो, हे स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. दिवस गेल्यास घाबरून गोळी बंद करू नये, लगेच भेटावे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ही प्रतिक्रिया क्वचित होते, पण जिवावर बेतू शकते.

एरवी गोळी मनाने बंद करू नये. सहा महिने फिट आली नाही म्हणून कित्येक जण औषध सोडतात. मग एकामागून एक फिट येऊन रुग्ण बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणावा लागतो. साधारणपणे किमान दोन वर्षे फिट आली नाही, तर औषध कमी करण्याचा विचार होतो, तोही टप्प्याटप्प्याने. चेहऱ्याच्या कळांतही आराम पडल्यावर मात्रा हळूहळूच उतरवतात. गोळ्यांनी भागेनासे झाले तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे.

आणि त्या बोलवेचे काय? आईला मिरगी नाही, हे मी मुलाला चिठ्ठीवर लिहून देतो. पण असती, तरी त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. मिरगी हा मेंदूचा आजार आहे, स्पर्शाने पसरत नाही, आणि नियमित औषधाने बहुतेकांच्या फिट थांबतात. लपवलेल्या आजाराची गोळी चुकते, आणि चुकलेली गोळीच घात करते.